२३०चा आकडा पाठ झाला. तुमच्या जिल्ह्यात काय झालं?

२०२४च्या विधानसभेचा निकाल कधीच लागला. मीम्स जुने झाले, शपथविधीचे रील्स पण स्क्रोल करून झाले. महायुतीला किती जागा, असं कुणीही विचारलं तर कॉलेज कट्ट्यावरचा प्रत्येक जण झोपेतही सांगेल, २३०. भाजप १३२, शिंदेंची शिवसेना ५७, अजित पवारांची राष्ट्रवादी ४१. समोर ठाकरेंची शिवसेना २०, काँग्रेस १६, शरद पवारांची राष्ट्रवादी १०. विषय संपला?

नाही संपला. आता दुसरा प्रश्न. तुमच्या जिल्ह्यात किती जागा आहेत, त्यातल्या कुणाला किती गेल्या आणि त्याच्या सहा महिने आधी लोकसभेला तिथेच काय झालं होतं? इथे बरेच जण गप्प होतात. आपण राज्याचा निकाल एका आकड्यात वाचतो. पण मतदान राज्यात होत नाही, ते २८८ मतदारसंघांत होतं. प्रत्येक ठिकाणचे उमेदवार वेगळे, बंडखोर वेगळे, रागाची कारणंही वेगळी. म्हणून हा निकाल एकदा जिल्ह्यांच्या नकाशावर ठेवून बघू. कोण चांगलं, कोण वाईट हे तुमचं तुम्ही ठरवा. आपण फक्त आकडे नीट वाचू.

आधी एक गणित: मतं आणि जागा

काँग्रेसला राज्यात १२.४२ टक्के मतं मिळाली आणि शिंदेंच्या शिवसेनेला १२.३८ टक्के. म्हणजे जवळपास सारखीच, काँग्रेसला किंचित जास्त. जागा किती? काँग्रेसला १६ आणि शिवसेनेला ५७!

अजून एक जोडी बघा. शरद पवारांच्या राष्ट्रवादीला ११.२८ टक्के मतं आणि १० जागा. अजित पवारांच्या राष्ट्रवादीला ९.०१ टक्के मतं आणि ४१ जागा. मतं कमी, जागा चौपट.

हे बघून लगेच ‘घोटाळा!’ असं ओरडण्याआधी दोन गोष्टी लक्षात घ्या. पहिली, कोण किती जागांवर उभं होतं. काँग्रेस १०१ जागा लढली, शिंदेंची शिवसेना ८१. शरद पवारांचा पक्ष ८६ जागा लढला, अजित पवारांचा ५९. राज्याची टक्केवारी काढताना जिथे उमेदवारच नव्हता तिथलं शून्यही त्यात मिसळतं. त्यामुळे कमी जागा लढणाऱ्या पक्षाची टक्केवारी छोटी दिसते, पण लढवलेल्या जागांवर त्याची ताकद मोठी असू शकते.

दुसरी गोष्ट, आपल्याकडची पद्धत. ज्याला सर्वांत जास्त मतं, तो आमदार. दुसऱ्या नंबरला काही नाही. एक लाख मतं घेऊन पडलात तरी तुमच्या खात्यात शून्य जागा. महायुतीच्या तीन पक्षांची मतं मिळून ४८ टक्क्यांच्या थोडी वर जातात, आघाडीच्या तीन मोठ्या पक्षांची ३४ टक्क्यांच्या आत राहतात. साधारण साडेचौदा टक्क्यांचा फरक. एवढा फरक राज्यभर पसरला की जागांमध्ये त्याचा डोंगर होतो.

लोकसभेला हीच पद्धत उलट्या बाजूने चालली होती. तेव्हा दोन्ही बाजूंच्या मतांत एक टक्क्याचाही फरक नव्हता, तरी आघाडीला ४८ पैकी ३० जागा आणि महायुतीला १७. तेव्हा जे खूश होते त्यांना पद्धत बरोबर वाटली, आता जे खूश आहेत त्यांना आता बरोबर वाटते. पद्धत मात्र तीच आहे.

नाशिक: कांदा गेला कुठे?

नाशिक जिल्ह्यात १५ जागा आहेत. लोकसभेला या जिल्ह्याशी जोडलेल्या तिन्ही मतदारसंघांत, म्हणजे नाशिक, दिंडोरी आणि धुळ्यात, आघाडी जिंकली होती. कारण म्हणून सगळे एकच शब्द सांगत होते, कांदा. डिसेंबर २०२३ मधली निर्यातबंदी शेतकऱ्याच्या जिव्हारी लागली होती.

विधानसभेला त्याच जिल्ह्यात अजित पवारांची राष्ट्रवादी ७, भाजप ५, शिंदेंची शिवसेना २ आणि एक जागा एमआयएमला. आघाडीला भोपळा.

मधल्या काळात काय बदललं? निर्यातबंदी मे महिन्यात उठली होती. सप्टेंबरमध्ये किमान निर्यात मूल्याची अट गेली आणि निर्यात शुल्क ४० टक्क्यांवरून २० टक्के झालं. ऑगस्टपासून लाडकी बहीण योजनेचे महिन्याला १,५०० रुपये खात्यात यायला लागले. शिवाय लोकसभेला लोक दिल्लीवरचा राग काढतात, विधानसभेला समोर ओळखीचा, गावात लग्नाला येणारा आमदार असतो.

धुळ्याची लोकसभेची जागा तर आणखी एक धडा देते. तिथे काँग्रेस चार हजारांहून कमी मतांनी जिंकली होती आणि त्यात मालेगाव मध्य या एकाच विधानसभा क्षेत्राच्या प्रचंड आघाडीचा वाटा होता. विधानसभेला प्रत्येक क्षेत्र सुटं मोजलं जातं. एका ठिकाणची आघाडी दुसऱ्या ठिकाणची तूट भरून काढू शकत नाही. धुळे जिल्ह्यातल्या पाचही जागा महायुतीला गेल्या.

मराठवाडा: ७ विरुद्ध १ ते ५ विरुद्ध ४१

लोकसभेला मराठवाड्यातल्या ८ पैकी ७ जागा आघाडीला मिळाल्या होत्या. मराठा आरक्षण आंदोलन, सोयाबीनचा भाव, पाणी हे सगळं त्यात होतं. सोयाबीनचा प्रश्न विधानसभेच्या वेळीही होताच. हमीभाव ४,८९२ रुपये आणि बाजारात त्याच्या खाली विक्री, हे लातूर-नांदेडकडच्या तुमच्या मित्रमैत्रिणींना वेगळं सांगायला नको.

तरी विधानसभेला ४६ पैकी आघाडीला फक्त ५ जागा. लातूर शहर, उमरगा, धाराशिव, बीड, परभणी. बस्स. छत्रपती संभाजीनगर ९ पैकी ९ महायुती, जालना ५ पैकी ५, नांदेड ९ पैकी ९, हिंगोली ३ पैकी ३. ज्या जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीतून आंदोलन पेटलं, तिथेही.

यावरून आंदोलनाचा परिणाम शून्य झाला, असं म्हणायचं का? घाई नको. एका समाजाची मतं एका बाजूला जात आहेत असं दिसलं की बाकीचे समाजही एकत्र येतात, असं अनेक अभ्यासक सांगतात. मनोज जरांगे यांनी ऐनवेळी उमेदवार उभे न करण्याचा निर्णय घेतला होता. त्यामुळे ती मतं कुठे गेली हे एका वाक्यात सांगणाऱ्यावर जरा कमीच विश्वास ठेवा.

नांदेड: एकच दिवस, दोन निकाल

आता या निवडणुकीतला सर्वांत भारी किस्सा. नांदेडमध्ये २० नोव्हेंबरला विधानसभेबरोबर लोकसभेची पोटनिवडणूकही झाली. काँग्रेसचे खासदार वसंतराव चव्हाण यांचं निधन झालं होतं. म्हणजे तोच मतदार, तेच मतदान केंद्र, तीच रांग, फक्त बटणं दोन.

नांदेड लोकसभेत सहा विधानसभा क्षेत्रं येतात. सहाही ठिकाणी महायुतीचा आमदार निवडून आला आणि लोकसभेला मात्र काँग्रेसचे रवींद्र चव्हाण १,४५७ मतांनी जिंकले!

म्हणजे हजारो लोकांनी पाच मिनिटांच्या आत दोन वेगळी बटणं दाबली. ‘मतदार मेंढरासारखा असतो’ असं कुणी ग्रुपवर टाकलं तर त्याला नांदेडचा निकाल पाठवा. लोक खासदार कशासाठी आणि आमदार कशासाठी, हा हिशेब वेगवेगळा करतात.

पुणे जिल्ह्यात बारामतीनेही हेच केलं, फक्त सहा महिन्यांच्या अंतराने. लोकसभेला सुप्रिया सुळे १,५८,३३३ मतांनी जिंकल्या, बारामती विधानसभा क्षेत्रातही त्यांनाच आघाडी होती. विधानसभेला तिथून अजित पवार एक लाखाहून जास्त मतांनी निवडून आले. ‘लोकसभेला ताई, विधानसभेला दादा’ असं पारावर बोललं जात होतं, ते लोकांनी खरं करून दाखवलं. पुणे जिल्ह्यातल्या २१ जागांपैकी भाजप ९, अजित पवारांची राष्ट्रवादी ८, शिंदेंची शिवसेना १. आघाडीकडे वडगाव शेरी आणि खेड आळंदी अशा दोनच, आणि जुन्नरला अपक्ष.

एकाच योजनेचे ३६ निकाल?

‘लाडकी बहीणमुळे झालं’ हे वाक्य तुम्ही शंभरदा ऐकलं असेल. त्यात तथ्य आहेच. २०१९ मध्ये महिलांचं मतदान ५९ टक्क्यांच्या आसपास होतं, या वेळी ते ६५ टक्क्यांवर गेलं. पुरुषांपेक्षा ही वाढ जास्त आहे. आघाडीनेही महिलांना ३,००० रुपयांचं आश्वासन दिलं होतं. पण एका बाजूचे पैसे खात्यात आले होते, दुसऱ्या बाजूचे जाहीरनाम्यात होते. महिन्याचं घर चालवणाऱ्या बाईला हा फरक लगेच कळतो.

पण योजना तर ३६ जिल्ह्यांत सारखीच होती. मग निकाल सारखे का नाहीत?

सोलापूर बघा. ११ जागा. भाजपला ५ मिळाल्या आणि बाकीच्या ६ विरोधकांना: शरद पवारांची राष्ट्रवादी ४, ठाकरेंची शिवसेना १, शेकाप १. लाट राज्यभर होती म्हणतात, ती इथे अर्ध्यावरच थांबली. करमाळा, माढा, मोहोळ, माळशिरस हा साखर कारखान्यांचा, मोहिते-पाटलांच्या आणि स्थानिक गटांच्या राजकारणाचा पट्टा. इथे कोण कुणाच्या गाडीत बसलं हे जाहीरनाम्यापेक्षा जास्त मोजलं जातं. सांगोल्यात तर ‘काय झाडी, काय डोंगार’वाले शहाजीबापू पाटील पडले आणि शेकापचे बाबासाहेब देशमुख जिंकले. तेही ठाकरेंच्या शिवसेनेचा उमेदवार समोर असताना. अकरा वेळा आमदार राहिलेल्या गणपतराव देशमुखांचे ते नातू.

आता शेजारी या. सातारा ८ पैकी ८ महायुती. कराड दक्षिणमध्ये माजी मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण पडले. कोल्हापूरच्या १० जागांवर आघाडीला एकही नाही. पण कोल्हापूरचा आकडा उलगडून बघा: शिवसेना ३, भाजप २, जनसुराज्य २, राष्ट्रवादी १, राजर्षी शाहू विकास आघाडी १, अपक्ष १. टीव्हीवर सगळं एका रंगात दिसतं, प्रत्यक्षात तिथे माणसं आणि गट जिंकलेत.

सांगलीत जयंत पाटील, रोहित पाटील आणि विश्वजीत कदम अशा तीन जागा आघाडीने राखल्या. तिघांच्याही मागे घराण्याचा भक्कम गट आहे. म्हणजे वारं विरोधात असताना कोण टिकलं? ज्याची गावोगावी स्वतःची माणसं होती तो. ही गोष्ट दोन्ही बाजूंना लागू पडते, आणि घराणं नसलेल्या तरुण कार्यकर्त्याने याचा जरूर विचार करावा.

मुंबई आणि विदर्भ

मुंबईतल्या ३६ जागांवर भाजप १५, ठाकरेंची शिवसेना १०, शिंदेंची शिवसेना ६, काँग्रेस ३, समाजवादी १, अजित पवारांची राष्ट्रवादी १. ठाकरेंच्या २० पैकी निम्मे आमदार एकट्या मुंबईतून आले. रायगड ७ पैकी ७ आणि सिंधुदुर्ग ३ पैकी ३ महायुतीकडे. रत्नागिरीत फक्त गुहागरला भास्कर जाधव टिकले. जो पक्ष मुंबई आणि कोकणाचा म्हणून ओळखला जायचा, त्याच्या एका गटाकडे आता मुख्यतः मुंबई उरली आहे.

विदर्भात लोकसभेला १० पैकी ७ जागा आघाडीने घेतल्या होत्या. वर्ध्याची खासदारकीही तिच्याकडे गेली होती. आता वर्धा जिल्ह्यातले चारही आमदार भाजपचे. नागपूर जिल्ह्यात १२ पैकी भाजप ८, शिवसेना १, काँग्रेस ३. चंद्रपूरला ६ पैकी काँग्रेसची एक, ब्रह्मपुरी.

१६२ मतं म्हणजे किती मुलं?

आता थेट तुमच्याबद्दल. मालेगाव मध्यचा निकाल १६२ मतांनी लागला. साकोलीत नाना पटोले २०८ मतांनी वाचले. बेलापूरला ३७७, बुलढाण्यात ८४१. दुसऱ्या टोकाला शिरपूर, जिथे मताधिक्य १ लाख ४५ हजारांच्या वर आहे.

१६२ म्हणजे किती, सांगा बरं? तुमच्या एफवायच्या दोन तुकड्या. ३७७ म्हणजे एक हॉस्टेल.

आणि हॉस्टेलचा विषय निघालाच आहे तर, पुण्यात शिकणारी लातूर, जळगाव, यवतमाळची किती मुलं २० नोव्हेंबरला गावी गेली? बुधवार होता. मध्येच एक सुट्टी, येण्याजाण्याचं तिकीट, समोर सबमिशन. नाव गावच्या यादीत आणि आपण शहरात. म्हणजे गावचा आमदार आपण निवडला नाही आणि जिथे राहतो तिथला निवडण्याचा हक्कच नाही. कोल्हापूर जिल्ह्यात ७६ टक्क्यांच्या पुढे मतदान झालं आणि मुंबई शहर जिल्ह्यात सुमारे ५२ टक्के. या फरकात आळशी लोक असतीलच, पण जागा बदललेले आणि यादीत अडकलेले लोकही आहेत.

आणि तो पाच वाजल्यानंतरचा प्रश्न

संध्याकाळी पाचला ५८.२२ टक्के, अंतिम आकडा ६६.०५ टक्के. मधले जवळपास ७६ लाख मतदार आले कुठून, हा प्रश्न तुमच्याही ग्रुपवर फिरला असेल. माळशिरसमधल्या मारकडवाडीने तर मतपत्रिकेवर पुन्हा मतदान घेण्याची तयारी केली होती, पोलिसांनी ते होऊ दिलं नाही. गंमत म्हणजे माळशिरसची जागा आघाडीनेच जिंकली आहे. गावाचा प्रश्न त्यांच्या गावातल्या आकड्याबद्दल होता.

आधी गणित करू. राज्यात एक लाखाच्या वर मतदान केंद्रं होती. ७६ लाख भागिले एक लाख म्हणजे एका केंद्रावर सरासरी ७६ मतं. सहा वाजेपर्यंत जो रांगेत उभा आहे त्याला मत देता येतं. दिवसभराची सरासरी काढली तर एका केंद्रावर तासाला साठच्या आसपास मतं पडली. म्हणजे शेवटच्या तासात आणि नंतरच्या रांगेत ७६ हा आकडा सरासरी म्हणून अशक्य नाही. शिवाय पाचचा आकडा तोंडी कळवलेला, अंदाजे असतो. निवडणूक अधिकाऱ्यांनी सांगितलंय की प्रत्येक मतदारसंघातल्या पाच, म्हणजे एकूण १,४४० व्हीव्हीपॅट यंत्रांच्या चिठ्ठ्या मोजल्या आणि तफावत निघाली नाही.

मग प्रश्न विचारणारे मूर्ख का? अजिबात नाही. सरासरी सगळं झाकून टाकते. एखाद्या केंद्रावर ७६ऐवजी ४०० मतं पाचनंतर पडली असतील तर ते बघायला हवं. त्यासाठी प्रत्येक केंद्रावर पक्षाच्या प्रतिनिधीला फॉर्म १७सी मिळतो, त्यात एकूण किती मतं पडली ते लिहिलेलं असतं. शंका असलेल्या पक्षांनी हे फॉर्म लोकांसमोर मांडावेत आणि आयोगानेही केंद्रनिहाय आकडे सहज सापडतील असे द्यावेत. प्रश्नाला उत्तर आकड्यांनी द्यायचं असतं, ‘हरले म्हणून रडतायत’ असं म्हणून नाही. आणि आरोपही आकड्यांनीच करायचा असतो, फॉरवर्डने नाही.

मग आपल्याला काय?

निकालानंतर डिसेंबर २०२४ मध्ये नागपुरात हिवाळी अधिवेशन झालं. २८८च्या सभागृहात विरोधी पक्षनेतेपदासाठी दहा टक्के, म्हणजे २९ आमदारांचा संकेत मानला जातो. आघाडीतल्या एकाही पक्षाकडे तेवढे नाहीत. ‘असू दे, काय फरक पडतो’ असं वाटेल. पण भरती परीक्षा लांबली, शिष्यवृत्ती अडकली, वसतिगृहाची यादी लागली नाही, तर सभागृहात उभं राहून मंत्र्याला घाम फोडणारं कुणीतरी लागतं. सरकार कोणाचंही असो. विरोधक कमी असतील तर हे काम सत्ताधारी आमदारांनाही करावं लागेल, आणि त्यांच्याकडून ते करून घेण्याची जबाबदारी त्यांना निवडून देणाऱ्यांची.

दुसरी गोष्ट अजून जवळची आहे. २०२४च्या त्या निकालावेळी मुंबई आणि पुणे महापालिकेत २०२२ पासून नगरसेवकच नव्हते, प्रशासक कारभार बघत होते. छत्रपती संभाजीनगरात २०२० पासून. तेव्हा ज्यांना १८चे होऊन चार वर्षं झाली होती, त्यांनी आपला नगरसेवक कधी निवडलेलाच नव्हता! बसचा पास, अभ्यासिका, रस्त्यावरचे दिवे ही कामं आमदाराची नाहीत, पालिकेची आहेत. पालिकेच्या निवडणुकीत निकाल शेकड्यांतल्या फरकानं लागू शकतात. तिथे दोन तुकड्या आणि एक हॉस्टेल खरोखरच वॉर्ड फिरवू शकतात.

त्याआधी एवढं करा. मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या वेबसाइटवर प्रत्येक मतदारसंघाचा फॉर्म २० येतो. त्यात केंद्रनिहाय मतं असतात. आपल्या शाळेतल्या केंद्रावर कुणाला किती पडली, ते बघा. लोकसभेचा आकडा शेजारी ठेवा. घरी आईला विचारा की तिने काय विचार करून बटण दाबलं. कुणाला दाबलं हे विचारू नका, का ते विचारा. आणि नाव यादीत नसेल तर फॉर्म ६, पत्ता बदलला असेल तर फॉर्म ८ भरा. आता वर्षातून चार तारखा मिळतात: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर.  सेमिस्टरच्या पेपरांमध्ये दहा मिनिटं निघतील तेवढी.